अडखळता ठोका

वाघजाईच्या माळावरच्या मध्यवर्ती कारागृहाचं नाव सरकारने बदललं, तेव्हा आत फारसा फरक पडला नाही. पाटी तेवढी मोठी झाली. कारागृहाचं परिवर्तन केंद्र झालं, कैद्याचा परिवर्तनार्थी झाला, आणि ज्या अंडाकृती इमारतीत माणसाला एकटं कोंडत तिचं नाव 'आत्मचिंतन कक्ष' ठेवण्यात आलं. कैदी तिला पूर्वीसारखंच अंडा म्हणत. मार खाणाऱ्याला नवीन शब्द लवकर पाठ होत नाहीत.

नावांपाठोपाठ मनगटावर बांधायचे पट्टे आले.

पट्टा तसा हुशार होता. त्याच्या आतल्या बाजूला नखाएवढी काच होती. तिच्यातून उजेड कातडीत शिरे आणि रक्ताची प्रत्येक उसळी मोजून परत येई. शेजारी एक चकती होती, ती घाम चाखत बसे. माणूस भेदरला, त्याला मार बसला, की शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं आणि त्याचा अंश घामात उतरतो. नुसत्या ठोक्यांवरून माणूस पळतोय की घाबरलाय हे सांगता येत नाही. घामाची साक्ष जोडली की येतं. या दोहोंवरून पट्टा एक दिवा लावी. हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे अस्वस्थ, लाल म्हणजे त्रासात. हा दिवा अधीक्षकांच्या भिंतीवर दिसे, मंत्रालयातल्या एका पडद्यावर दिसे, आणि 'ख्यालीखुशाली' नावाच्या अ‍ॅपमधून कैद्याच्या घरच्यांनाही दिसे. कल्पना कुणा भल्या शास्त्रज्ञाची होती. कोठडीतल्या माणसाला तोंड उघडायची सोय नसेल, तर निदान त्याच्या घामाला बोलू द्यावं, असं त्याला वाटलं होतं. तो कधी तुरुंगात गेलेला नव्हता.

पट्टा जिवंत कातडीवर आहे की नाही, हे यंत्र सतत तपासत राही. मिनिटभर कातडी सुटली की बोंब मारी. ती कातडी कोणाची आहे, हे तपासण्याची अट मात्र निविदेत घालायची राहून गेली होती.

पहिल्या आठवड्यात अधीक्षक अभिजित मोहोळकर यांच्या भिंतीवर एवढे लाल दिवे लागले, की साफसफाईवाल्याने कुठला सण आहे म्हणून विचारलं. मोहोळकर शिकलेले गृहस्थ होते. कैद्याला अहोजाहो करत, हात उचलत नसत. त्यासाठी खात्याने माणसं दिलेली होती. दिवे हिरवे करायचे दोन उपाय त्यांना दिसले. पहिला उपाय म्हणजे मारहाण थांबवणं. तो त्यांनी खर्चिक म्हणून बाजूला ठेवला, कारण मारहाणीच्या भीतीवरच घरच्यांकडून येणारी रक्कम, दवाखाना बराकीतल्या खाटांचे दर आणि आजाऱ्यांच्या दूध-औषधांचा बाहेरचा व्यापार असा सगळा संसार उभा होता. दुसऱ्या उपायाचं नाव हेमंत टिपुगडे होतं.

टिपुगडे निपाणी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयाचे व्यवस्थापक होते. मालकाने सज्जावर दोन पाण्याच्या टाक्या चढवल्या, सज्जा जेवणाऱ्या पंगतीवर कोसळला, मालक सत्तेतल्या पक्षात गेला आणि टिपुगडे तुरुंगात आले. वीस वर्षं त्यांनी वरमायांचे रुसवे काढले होते, ऐन मुहूर्ताला पळालेले आचारी परत आणले होते, दोन नवऱ्यांना एकच तारीख दिलेली असताना दोघांनाही बोहल्यावर चढवलं होतं. या सगळ्यात त्यांची नाडी कधी वर गेली नाही. इथे आल्यावरही गेली नाही. भिंतीवर सगळीकडे तांबडं फुटलेलं असताना एक दिवा हिरवागार तेवत होता, तो त्यांचा.

"टिपुगडे, तुम्ही म्हणजे राष्ट्रीय संपत्ती आहात," मोहोळकर म्हणाले. "काही जणांचे पट्टे थोडे दिवस तुमच्याकडे ठेवायचे आहेत. बस्स."

"ज्यांचे आहेत त्यांना नकोत का साहेब?"

"ते सध्या आत्मचिंतनात आहेत. त्यांना व्यत्यय नको."

बदल्यात मोहोळकरांनी लवकर सुटकेचा प्रस्ताव वर पाठवायचं कबूल केलं. टिपुगडेंनी मनाशी विचार केला. पट्टा हातात नसता तरी त्या माणसाला मार बसलाच असता. आपण मारत नाही, मारा म्हणत नाही. आपण फक्त स्वस्थ बसतो. स्वस्थ बसण्यात कुणाचं काय वाईट झालंय? आणि बाहेर ईश्वरी होती. आई गेल्यावर मावशीकडे राहून कॉलेज करणारी पोर. ती विसाव्या वर्षात होती आणि बापाशिवाय मोठी होत होती.

हळूहळू दोन्ही हात कोपरापर्यंत भरले, मग पायांचे घोटे. उकाड्यातही लांब बाह्यांचा सदरा घालून ते एका स्वतंत्र खोलीत, बरं अंथरूण आणि पंखा यांच्या सहवासात शांत राहण्याची नोकरी करू लागले. बराकीत त्यांना 'नवरी' म्हणत, चुडा भरलेली म्हणून. त्याचंही त्यांना काही वाटलं नाही. वाटून घेण्याची सवयच नव्हती.

ओंकार वायदंडे हा कच्चा कैदी होता, खटला सुरू व्हायचा होता. बाहेर वायरमन होता. वस्तीतल्या भांडणात शिपायाची टोपी पडली, त्या टोपीपायी आत आलेला. भटारखान्याच्या शीतखोलीचं मशीन बिघडलं तेव्हा दुरुस्तीला त्याला नेलं. मशीनमागे वाकलेला असताना दवाखान्याच्या नावाचे दुधाचे क्रेट आणि औषधांची खोकी टेम्पोत चढताना त्याने पाहिली. पुढच्याच आठवड्यात तपासणीला जिल्हा न्यायाधीश आले. रांगेतून जाता जाता ते सगळ्यांना विचारतात तसं त्यांनी विचारलं, "काही तक्रार?" या प्रश्नाचं उत्तर 'नाही साहेब' असतं, हे साऱ्या बराकीला माहीत होतं. ओंकारने खरं उत्तर दिलं.

न्यायाधीशांनी मान हलवली आणि ते पुढे गेले. त्याच दुपारी ओंकारचा पट्टा टिपुगडेंकडे आला.

पट्टा उघड्यावर मिनिटभरही चालत नसल्याने तो या मनगटावरून त्या मनगटावर सरकवावा लागे. दोघांना शेजारी बसवून, हाताला हात चिकटवून, एक हवालदार चुंबकी किल्लीने पट्टा उघडी. लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर हात हातात देतात तसं टिपुगडेंना दरवेळी वाटे; यावेळी त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. ओंकारने मान जवळ आणली.

"काका, पोरगी झालीय मला," तो खालच्या आवाजात म्हणाला. "अजून बघितली न्हाई. बायको रोज फोनवर दिवा बघती माझा."

"हिरवा दिसेल तिला. काळजी करू नकोस."

ओंकारने त्यांच्याकडे पाहिलं. "तीच तर काळजी हाय."

"गप ए!" हवालदार म्हणाला, आणि पट्टा टिपुगडेंच्या हातावर चटकन बंद झाला. क्षणभर पिवळा होऊन तो हिरवा झाला.

मुलाखतीच्या दिवशी ईश्वरी काचेपलीकडे बसली. नेहमी ती कॉलेज, मावशी, गल्लीतलं मांजर असं एका दमात सांगत सुटे. आज तिने फोनचा रिसीव्हर कानाला लावला आणि हातातला मोबाइल पालथा ठेवला.

"काय झालं गं? परीक्षा अवघड गेली?"

"पप्पा, मी लहान असताना तुमच्या छातीवर झोपायचे. आठवतंय?"

"आठवतंय की. तुझ्या वजनाने श्वास घेता यायचा नाही."

"तुमचं घड्याळ ठेचकाळतं, असं म्हणायचे मी."

टिपुगडेंच्या हृदयाला ती खोड होती. चालता चालता एक ठोका वेळेआधीच पडे, मग ती चूक निस्तरायला हृदय थोडं थांबे, आणि पुढचा ठोका जरा जोरात देऊन परत लयीला लागे. गडहिंग्लजच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं होतं, की हा जास्तीचा ठोका पुष्कळांना असतो, त्याने धोका नाही, फक्त कडक चहा बंद करा, चहाने तो वाढतो. मंगल कार्यालयात राहून त्यांनी चहा सोडला होता. संन्यास याहून सोपा असतो.

"अ‍ॅपमध्ये नवीन सोय आलीय," ईश्वरी म्हणाली. "आपल्या माणसाच्या हृदयाचा आवाज ऐकू येतो. मला बरं वाटायचं, तुमचं ठेचकाळणं ऐकून. आज बाहेरच्या बाकावर प्रतीक्षाताई बसली होती शेजारी, ओंकार वायदंडेची बायको. त्याची भेट नाकारली होती तिला. मांडीवर बाळ होतं. तिनेही आवाज लावला होता. बाळाच्या कानाशी धरला होता, बापाचं हृदय म्हणून." ती काचेजवळ सरकली. "पप्पा, तिच्या फोनवर तुमचं घड्याळ वाजत होतं."

काचेच्या अलीकडे हवालदार जांभई देत उभा होता.

"यंत्र आहे गं. गोंधळ होतो कधीकधी."

"दोन्ही फोन एकदमच ठेचकाळत होते."

"तू अभ्यासाकडे लक्ष दे."

"तिला कुणीतरी सांगितलं होतं की त्याला आत मारतायत. ती वकिलाकडे निघालेली. मग तिने दिवा बघितला, हिरवा. म्हणाली, उगाच लोक घाबरवतात. आणि परत घरी गेली." ईश्वरीचा आवाज चढला नव्हता. शांतपणा तिने बापाकडूनच घेतला होता. "पप्पा, एवढंच सांगा. हो का नाही?"

"नाही," टिपुगडे म्हणाले.

तिने रिसीव्हर ठेवला. जाताना वळून पाहिलं नाही. बाहेर पडल्यावर ती फोनवर बापाचा दिवा बघेल, असं टिपुगडेंच्या मनात आलं. तो हिरवाच असणार होता. खोटं बोलतानाही त्यांची नाडी वाढली नव्हती. आयुष्यात प्रथमच त्यांना स्वतःच्या नाडीची किळस आली.

भटारखान्याचा प्रमुख सलीम मुजावर हा जन्मठेपेचा कैदी. तो टिपुगडेंना रोज जेवण आणून देई आणि पंगतीच्या आमटीचं प्रमाण, जिलबीचा पाक यांवर दोघांची चर्चा होई. गुरुवारी तो ताट ठेवून तसाच उभा राहिला.

"बस की सलीम. आज काय, भेंडी?"

"काका, वायदंडेचा पट्टा तुमच्याकडंच हाय न्हवं?"

टिपुगडेंनी डावी बाही वर केली. कोपराजवळचा पट्टा हिरवा लुकलुकत होता.

"ह्यो जित्ता दिसतोय," सलीम म्हणाला. "माझ्या दुधाच्या खोलीत ठिवलाय त्याला. सकाळधरनं. चादरीत गुंडाळून. मला म्हणाले, खोलीला कुलूप लाव आन् तोंडाला बी लाव." त्याने डोळे पुसले नाहीत, नुसते वटारून भिंतीकडे पाहत राहिला. "त्यानंच दुरुस्त केलेलं मशीन, काका. झ्याक गार करतंय."

टिपुगडेंनी ताट बाजूला सरकवलं आणि अधीक्षकसाहेबांना भेटायचंय म्हणून निरोप पाठवला. गंमत अशी, की साहेबांनीही त्यांना बोलावलंच होतं. शनिवारी वाघजाईला 'आदर्श परिवर्तन केंद्र' हा पुरस्कार मिळायचा होता. मंत्री, पत्रकार, पट्टे बनवणाऱ्या कंपनीची माणसं, कैद्यांची कुटुंबं, सगळे येणार होते. एवढा मोठा समारंभ नीट पार पाडणारा माणूस तुरुंगात आधीच राहायला असताना बाहेरचा कशाला बघायचा?

"साहेब, वायदंडे गेला," टिपुगडे म्हणाले.

"सोमवारी," मोहोळकर म्हणाले.

"काय सोमवारी?"

"त्यांचं निधन सोमवारी होईल. हृदयविकाराने. तोवर पट्टा तुमच्याकडेच राहू द्या. शनिवारी इतक्या लोकांसमोर एक दिवा विझलेला बरा दिसत नाही." त्यांनी समोरचा कागद टिपुगडेंकडे फिरवला. "हा तुमच्या सुटकेचा आदेश. मंजूर होऊन आलाय. शनिवारी मंत्र्यांच्या हस्तेच देऊ. त्याच संध्याकाळी मुलीबरोबर घरी. आता मला सांगा, खुर्च्या कशा मांडायच्या?"

टिपुगडेंनी कागद वाचला. त्यात त्यांचं नाव बरोबर लिहिलेलं होतं. खाली सही होती, शिक्का होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी परत केला आणि खुर्च्यांचा विचार करू लागले. निदान साहेबांना तसं दिसलं.

लग्नात कोण कोणाच्या शेजारी बसतं यावर पुष्कळ काही ठरतं. भांडलेल्या दोन आत्या शेजारी आल्या तर जेवणाआधीच लग्न आटोपतं. लांब बसल्या तर बारशापर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. वीस वर्षं टिपुगडेंनी हेच केलं होतं. जे एकत्र आल्यावर तोंड उघडतील, त्यांना लांब ठेवायचं.

"साहेब, पहिल्या रांगेत कोण? आमदार का पाहुणे?"

"तुम्ही सांगा."

"मी म्हणतो, कुटुंबं. ज्यांचे दिवे कायम हिरवे असतात त्यांची कुटुंबं मानाच्या खुर्च्यांवर. फोटोला बरं दिसतं. मंत्री समोर उभे, आणि खाली हातात हिरवे फोन घेतलेल्या आया-बायका."

मोहोळकरांचे डोळे चमकले. कायम हिरवे दिवे कोणाचे, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. भिंतीवरचे दिवे रोज पाहून पाहून त्यांचाही त्यांवर विश्वास बसला होता.

"कंपनीला त्यांची ती आवाजाची सोय दाखवायची आहे," ते म्हणाले.

"मग तीही पहिल्याच रांगेत करू. सगळ्यांनी एकदम आवाज लावायचा, माइक समोर धरायचा. चांगलं वाटेल." टिपुगडे थोडं थांबले. "त्याआधी माझा आदेश देणार की नंतर?"

"तुमच्या सोयीने."

आधी दिला तर पट्टे उतरवावे लागणार. पट्टे उतरले की आवाज नाही.

"नंतर ठेवा," टिपुगडे म्हणाले. "गोड शेवट बरा असतो."

शनिवारी सभागृहाला झेंडूच्या माळा लागल्या. मांडणी अशी झाली होती, की आलेल्या पाहुण्यांपैकी एकाने हॉलचं भाडं विचारलं. टिपुगडेंना मंचामागच्या खोलीत पडद्याआड बसवलं होतं. मंगल कार्यालयात या खोलीत नवरी बसते. त्यांच्या अंगावर शाल होती आणि शालीखाली तेरा परके पट्टे आणि एक स्वतःचा.

सलीम पाहुण्यांच्या चहाच्या नावाखाली एक पातेलं घेऊन मागच्या दाराने आला. पाहुण्यांसाठी दुधाचा चहा वेगळा होता. या पातेल्यातला चहा कोरा होता आणि इतका उकळलेला, की रंग पार काळा झाला होता.

"काका, खरंच पिणार?"

"ओत."

"काय झालं-बिलं तर?"

"डॉक्टर म्हणालेत, धोका नाही. नुसतं अडखळेल."

पहिला पेला त्यांनी एका दमात संपवला. कित्येक वर्षांनी चहा. कडू, तुरट, घशाला चरचरणारा. दुसऱ्या पेल्याला सलीम म्हणाला, "जेलात आल्यापासनं पयल्यांदा कुणाला तरी मनापासून चहा पाजतोय." तिसरा सलीमने न विचारताच भरला. छातीत एक ठोका घाईने पडला, मग थांबला. जिना उतरताना पायरी चुकावी तसं वाटलं. मग पुन्हा. थोड्या वेळाने दर चार-पाच ठोक्यांमागे तसं होऊ लागलं. टिपुगडेंनी शाल बाजूला करून पाहिलं. सगळे पट्टे हिरवे होते. चहाने ठोका चुकतो, घाम बदलत नाही. आणि त्यांना भीती वाटत नव्हती. असलेला शांतपणा पहिल्यांदाच चांगल्या कामाला आला होता.

बाहेर भाषणं झाली. मंत्र्यांनी परिवर्तन हा शब्द पुष्कळदा वापरला. मोहोळकरांचा आवाज आला, "हे हिरवे दिवे म्हणजे आमची कमाई आहे." टाळ्या. मग कंपनीची एक तरुण मुलगी उत्साहाने म्हणाली, "आता पहिल्या रांगेतल्या सर्व ताई-मावशींनी फोन वर धरायचेत आणि हृदयाचं बटण दाबायचंय. एक, दोन, तीन!"

पडद्याआड टिपुगडेंना ढोल वाजल्यासारखं ऐकू आलं. धप-धप. धप-धप. चौदा फोन आणि माइक. सभागृह भरून गेलं. कुणीतरी "अहाहा" म्हणालं. टिपुगडेंच्या छातीत तोच ठोका तेव्हाच पडत होता. आणि मग तो घाईने पडला, आणि थांबला.

चौदा फोन थांबले.

धप्. चौदा फोन पुन्हा सुरू झाले.

लोकांना तो कार्यक्रमाचा भाग वाटला, थोड्या टाळ्याही पडल्या. काही ठोके सरळ गेले. पुन्हा घाई, पुन्हा थांबणं, चौदाही एकदम. टाळ्या विरल्या. तिसऱ्या वेळी कुजबुज सुरू झाली. कुणा आजीबाईंचा आवाज आला, "माझ्या पोराचं आन् तुझ्या पोराचं सारखंच कसं गं वाजतंय?"

कंपनीच्या मुलीने आपला टॅब पाहिला. प्रामाणिक होती, नोकरीत नवी होती. माइक अजून तिच्या हातात होता. "सर," ती म्हणाली, "हा एकाच हृदयाचा सिग्नल आहे. चौदाही पट्ट्यांचा."

"तांत्रिक अडचण," मोहोळकर म्हणाले.

"नाही सर, अडचण काहीच नाहीये. सगळं व्यवस्थित चाललंय."

मग एक ओळखीचा आवाज आला. माइकशिवाय, पण मागच्या भिंतीपर्यंत पोहोचणारा.

"ते माझ्या वडलांचं हृदय आहे. हेमंत टिपुगडे. लहानपणापासून ऐकलंय मी. ते इथेच कुठेतरी आहेत." मग ईश्वरीने हाक मारली. "पप्पा, हो का नाही?"

हवालदार पडद्याकडे धावला, पण सलीम पातेलं घेऊन दारात उभा होता आणि ते पातेलं नेमकं तेव्हाच त्याच्या हातून निसटलं. टिपुगडे पडदा सारून मंचावर आले. शाल खाली पडली. त्यांनी दोन्ही बाह्या वर केल्या आणि हात उंच धरले. मनगटापासून कोपरापर्यंत हिरवे दिवे लुकलुकत होते. पत्रकारांचे कॅमेरे वळले.

"हो," ते म्हणाले.

पहिल्या रांगेत एक मुलगी उभी राहिली. काखेत बाळ होतं, हातात वाजणारा फोन. "मग माझा मालक कुठं हाय?" प्रतीक्षा म्हणाली. "काका, ह्यातला त्याचा कुठला?"

टिपुगडेंनी डाव्या कोपराजवळचा पट्टा दाखवला. सलीमने दारातूनच सांगितलं, ओंकारला कुठे ठेवलाय ते.

पुढचं सगळं रीतसर झालं. पत्रकारांसमक्ष शीतखोली उघडावी लागली आणि अंडाही. बारा जण जिवंत सापडले. त्यांतले दोघे स्वतःच्या पायांवर बाहेर आले. बराकी बोलू लागल्या आणि मग थांबेनात. दूध, औषधं, खाटांचे दर, सगळं चौकशी समितीपुढे आलं. पूर्वीही ते तक्रारींमधून आलेलंच होतं, पण तेव्हा त्याला आवाज नव्हता. मोहोळकर निलंबित झाले. वर्षभरात ते परत आले आणि पट्ट्याची सुधारित आवृत्ती ठरवणाऱ्या तज्ज्ञ गटावर त्यांची नेमणूक झाली, कारण आधीच्या पट्ट्यातली उणीव इतक्या खोलवर दुसऱ्या कुणालाच माहीत नव्हती. टिपुगडेंवर सरकारी उपकरणाच्या गैरवापराचा गुन्हा लागला आणि सुटकेचा आदेश रद्द झाला. सलीमला भटारखान्यातून काढून बागेत घातलं.

समारंभानंतरच्या पहिल्या मुलाखतीला ईश्वरी एकटी आली नाही. काचेपलीकडे दोन खुर्च्या होत्या. दुसरीवर प्रतीक्षा बसली, मांडीवर बाळ. रिसीव्हर ईश्वरीने तिलाच दिला.

टिपुगडेंना वाटलं, ही आता शिव्या घालेल. ते तयार होते. मंगल कार्यालयात त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या.

"काका, मला एक विचारायचं होतं," प्रतीक्षा म्हणाली. "तो गेला गुरुवारी. मी शनिवारपतुर त्याच्याशी बोलत होते. रोज आवाज लावून उशाला ठेवायची. पोरीचं नाव काय ठेवायचं त्ये विचारलं. ठोका चुकला की मला वाटायचं, हसला. म्हंजे त्ये सगळं तुम्हालाच बोलले मी."

"मला ऐकू येत नव्हतं पोरी. आवाज एकाच बाजूने येतो."

"म्हंजे कुणीच ऐकलं न्हाई?"

प्रतीक्षाने बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

"शेवटी त्याचा हात तुमच्या हाताला लागला होता म्हणं. पेपरात आलंय. काय म्हणाला का तो?"

"म्हणाला, पोरगी झालीय. अजून बघितली नाही." "म्हणाला, बायको रोज दिवा बघते. मी त्याला म्हटलं, हिरवा दिसेल तिला, काळजी करू नकोस. त्याला कळलं होतं तेव्हाच. मला…"

प्रतीक्षाने बाळाला उचलून काचेला लावलं, बाळाने ओला पंजा काचेवर थापटला, आणि टिपुगडेंनी अलीकडून, जिथे तो पंजा होता तिथे, आपला हात ठेवला. मनगटावर आता एकच पट्टा होता. काचेपलीकडे ईश्वरीच्या हातातला फोन वाजला. अ‍ॅप धोक्याच्या वेळी देतं तो बारीक, टोचणारा इशारा. तिने खाली पाहिलं. मग फोन फिरवून पडदा बापाकडे धरला.

दिवा लाल होता.

काचेपलीकडचा हवालदार धावत आला, "काय होतंय, काय होतंय?" म्हणून.

"काही नाही," ईश्वरी म्हणाली. "आज बरोबर दाखवतंय."